टोचणीचें दप्तर

जुन्या कागदांच्या शोधार्थ फिरणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींची एक खोड आहे. एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून रुमाल खालीं आला, कीं आमची नजर प्रथम शिक्का शोधते. मग सन, मग स्वारी, मोहीम, इनाम, वतन. यांपैकीं कांहीं न आढळल्यास कागद ‘किरकोळ’ या सदरांत जातो, आणि किरकोळांतून रद्दींत जाण्यास त्यास फार दिवस लागत नाहींत. या किरकोळांतील एका वर्गाविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होतें. तो वर्ग म्हणजे देवी काढण्याच्या, म्हणजेच टोचणीच्या, नोंदवह्यांचा.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं, आम्ही शिक्षकाच्या नोकरींत असतांना, तालुक्याच्या गांवीं एका शाळेची जुनी इमारत मोकळी करण्यांत येत होती. तेथील माळ्यावर अशा वह्यांचा एक गठ्ठा आमच्या दृष्टीस पडला. वरच्या कांहीं वह्या वाळवीनें खाल्ल्या होत्या. आंतल्या शाबूत होत्या. रकाने साधेच : अनुक्रम, मुलाचें नांव, बापाचें नांव, वय, टोचल्याचा दिवस, पाहिल्याचा दिवस, आणि शेवटीं ‘उठल्या’ किंवा ‘उठल्या नाहींत’ असा शेरा. आम्ही इ. स. १९३८-३९ सालची एक वही चाळण्यासाठीं घरीं आणली आणि बाकीच्या दुसऱ्या दिवशीं नेऊं म्हणून तेथेंच ठेविल्या. दुसऱ्या दिवशीं त्या रद्दीवाल्याच्या तराजूंत जाऊन चुकल्या होत्या. यांत दोष दुसऱ्या कोणाचा नसून आमच्या आळसाचा होय.

त्या उरलेल्या एका वहीनें आम्हांस जें शिकविलें तेंच या लेखाचें प्रतिपाद्य आहे. प्रांतांतील सर्व मुलांस रोगप्रतिबंधक लस टोचणें हें काम जितकें वैद्यकाचें, तितकेंच दप्तराचें आहे. लस कितीही गुणकारी असो; ज्या मुलाचें नांव कोणत्याच यादींत नाहीं, त्याच्यापर्यंत ती पोंचत नाहीं. हें काम पूर्वीं कसें चाले व आज कसें आंखलें जातें, हें क्रमानें पाहूं.

प्रथम शब्दांचा निर्णय केला पाहिजे, कारण जुनीं पत्रें वाचतांना येथेंच घोटाळा होतो. ‘देवी’ हा शब्द मराठींत रोगाचा, रोगाच्या दैवताचा आणि रोगावरील उपायाचा असा तिन्ही अर्थीं येतो. ‘मुलास देवी आल्या’ हें दुखणें. ‘मुलाच्या देवी काढल्या’ ही टोचणी. दोन्ही वाक्यें एकाच पत्रांत एकाखालीं एक आलीं, तर क्रियापदाकडे लक्ष न देणारा वाचक रोगाची सांथ आहे असें समजून बसेल. ‘लस’ म्हणजे मूळांत जखमेंतून अगर फोडांतून पाझरणारा पातळ द्रव. देवीच्या टोचणींत असाच द्रव वापरीत असल्यामुळें तो शब्द अन्वर्थक होता. पुढें द्रवाचें मूळ बदललें, शब्द तोच राहिला, आणि आज तोंडांत पाजावयाच्या पोलिओच्या थेंबांसही आपण लसच म्हणतों. संस्कृत वैद्यकांत या रोगास ‘मसूरिका’ म्हणतात. सुश्रुतानें तिची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. माधवनिदानांत तिला स्वतंत्र प्रकरण मिळालें. आणि सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत शीतलेचें वर्णन येतें.

दुसरा भेद यापेक्षां महत्त्वाचा आहे. बंगाल वगैरे प्रांतांत ‘टीका’ देण्याची जी जुनी चाल होती, तिच्यांत प्रत्यक्ष देवी आलेल्या माणसाच्या फोडांतील द्रव्यच निरोग्याच्या त्वचेंत घालीत असत. हॉलवेल यानें इ. स. १७६७ त तिचें वर्णन प्रसिद्ध केलें आहे. या चालीनें पुष्कळ माणसें वांचत, परंतु टीका घेतलेल्यापासून दुसऱ्यास खरी देवी येण्याचा धोका असे. इंग्लंडांत जेन्नर यानें १७९६ त गाईच्या देवीची लस टोचून पाहिली व १७९८ त आपला ग्रंथ छापला. या लसीनें खऱ्या देवीपासून रक्षण होई आणि तिचा प्रसार मात्र होत नसे. आमच्या वहींतील टोचणी ती हीच.

ही लस आपल्या प्रांतीं आली कशी, यांतच पुढील सर्व व्यवस्थेचें बीज आहे. विलायतेहून समुद्रमार्गें पाठविलेली लस वाटेंतील दिवस आणि उष्णता यांमुळें निर्जीव होऊन जाई. तेव्हां व्हिएन्ना येथील द कारो या वैद्यानें खुष्कीच्या मार्गाचा उपयोग केला. तेथून इस्तंबूल, बगदाद, बसरा अशा मजलांनीं लस मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती यशस्वी रीतीनें टोचली गेली. हिंदुस्थानांतील ही पहिली यशस्वी टोचणी होय. त्या मुलीच्या दंडावर आलेल्या फोडांतील लस दुसऱ्या मुलांस, त्यांची तिसऱ्यांस, अशा क्रमानें ती पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास, कलकत्ता येथपर्यंत गेली.

या ‘दंडावरून दंडावर’ पद्धतीचा व्यवहार नीट लक्षांत घेतला पाहिजे. टोचल्यापासून सुमारें आठव्या दिवशीं फोड पक्व होतो आणि त्याच वेळीं त्यांतील लस घ्यावी लागते. एखाद्या गांवांत दहा मुलें आहेत. टोचणाऱ्यानें उत्साहाच्या भरांत दहाही मुलांस एकाच दिवशीं टोचलें, तर पुढच्या आठवड्यांत लस घेण्यास दहा दंड असतील, पण ती घालण्यास एकही दंड उरणार नाहीं. लस तेथेंच संपेल. म्हणून कांहीं मुलें मुद्दाम मागें ठेवावीं लागत, पुढच्या गांवास आधीं वर्दी द्यावी लागे, आणि पहिल्या गांवचें एक मूल आईबापांची समजूत घालून दुसऱ्या गांवीं न्यावें लागे. एका आठवड्याची चूक झाली कीं सर्व परंपरा तुटे. तेव्हां योजना ही टोचणीच्या मागाहून जोडलेली वस्तु नव्हे. योजनेवांचून लस जिवंतच राहत नव्हती.

मुंबई इलाख्यांत १८२७ पासून या कामास नियमित रूप आलें. मुलूख विभागून प्रत्येक भागावर एक अधीक्षक नेमला आणि त्याच्या हाताखालीं फिरते टोचणीदार दिले. टोचणीदारानें आंखलेल्या क्रमानें गांवें घ्यावीं, पुन्हां त्याच गांवीं येऊन फोड उठले कीं नाहीं तें पाहावें, आणि वरच्यानें मधूनमधून जाऊन त्याची वही खरी कीं खोटी याची पारख करावी, असा तो बेत होता. आमच्या वहींतील ‘पाहिल्याचा दिवस’ हा रकाना या पद्धतीचा वंशज आहे. पुढें १८७७ च्या कायद्यानें मुंबई शहरांत अर्भकांची टोचणी सक्तीची झाली, आणि १८९२ च्या कायद्यानें जिल्ह्यांतील ठिकाणांसही तशी सक्ती लागू करण्याची सोय झाली. सक्ती करावयाची तर कोणत्या घरीं मूल जन्मलें हें आधीं कळलें पाहिजे. त्यामुळें जन्माची नोंद आणि टोचणीची नोंद एकमेकींस बांधल्या गेल्या. पुढें दंडाऐवजीं वासराच्या अंगावर लस वाढवूं लागले, आणि बेळगांवच्या लससंस्थेसारख्या ठिकाणांहून ती इलाख्यांत जाऊं लागली.

आतां आजच्या व्यवस्थेकडे वळूं. आपल्या देशांत विस्तारित लसीकरणाचा कार्यक्रम १९७८ त सुरू झाला आणि १९८५ त त्यास सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम हें रूप मिळालें. आरंभीं थोडे जिल्हे घेऊन १९८९-९० पर्यंत तो सर्व जिल्ह्यांत पोंचविला गेला. त्याची आंखणी वरून खालीं येत नाहीं. ती खालून वर जाते. उपकेंद्राच्या प्रत्येक गांवाची, वाडीची, वस्तीची यादी आणि नकाशा तयार करितात. त्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्राची, त्यांवरून तालुक्याची, आणि मग जिल्ह्याची योजना बनते. तिला ‘सूक्ष्म नियोजन’ असें नांव आहे.

हिशेबाचा प्रकार उदाहरणानें दाखवितों. एका आरोग्य केंद्राखालीं ३०,००० लोक आहेत आणि हजारीं २० जन्म होतात असें समजूं. वर्षास ६०० मुलें, महिन्यास ५०. गर्भपात व मृतजन्म यांसाठीं दहावा हिस्सा वाढवून गरोदर स्त्रिया ६६० धरावयाच्या. पंचगुणी लसीच्या प्रत्येक मुलास तीन मात्रा. म्हणजे महिन्यास १५० मात्रा. दहांतील एक मात्रा वायां जाईल असें धरिलें, तर १६७ मात्रा मागवाव्या लागतील. एका कुपींत दहा मात्रा असतात. तेव्हां १७ कुप्या. त्या मानानें सुया, नोंदीचीं कार्डें, बर्फाच्या लाद्या, आणि पेटी वाहून नेणारा माणूस. फौजेच्या मुक्कामापूर्वीं दाणावैरणीच्या ज्या यादी होत, त्या वाचलेल्या आमच्या वाचकांस हें गणित परकें वाटणार नाहीं.

मात्र एक अडचण अशी आहे कीं, क्षयावरील बीसीजी व गोवर-रुबेला यांच्या लसी कोरड्या असतात; त्या द्रवांत कालविल्यावर चार तासांत वापरावयाच्या, नाहींतर टाकावयाच्या. दोनच मुलें आलीं तर बाकीच्या मात्रा फुकट. तथापि नियम असा आहे कीं, एक मूल आलें असलें तरी कुपी फोडावी. मूल परत पाठवूं नये. परत गेलेलें मूल पुन्हां येईलच असें नसतें, आणि कुपीपेक्षां मूल मोलाचें, हा त्यांतील न्याय आहे.

द कारोच्या लसीची जी अडचण ती आजच्या लसीचीही आहे. फरक इतकाच कीं, तेव्हांची परंपरा दंडांची होती, आतांची थंडीची आहे. मुंबई, कर्नाल, कलकत्ता व चेन्नई येथील सरकारी औषधभांडारें, तेथून राज्याचें भांडार, विभाग, जिल्हा, आरोग्य केंद्र आणि शेवटीं गांव, अशा मजला लस करिते. आरोग्य केंद्रांत ती २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णमानांत ठेवावी लागते, आणि दिवसांतून दोन वेळां उष्णमान वहींत मांडावें लागतें. लोकांस वाटतें कीं लसीस भय फक्त उष्णतेचें. वास्तविक पंचगुणी, कावीळ-ब, धनुर्वात यांच्या लसी गोठल्या तरीही निकामी होतात. म्हणून बर्फाच्या लाद्या फ्रीजरमधून काढून त्या थोड्या वितळूं लागल्यावरच पेटींत घालितात. कुपीवर एक वर्तुळ व त्यांत एक चौकोन असतो. उष्णता लागत गेली कीं चौकोन काळा पडत जातो, आणि वर्तुळाच्या रंगाशीं मिळाला कीं ती कुपी टाकावयाची. कुपी आपल्या प्रवासाची बखर आपल्याच अंगावर लिहिते, असें म्हटल्यास चालेल.

ठरलेल्या दिवशीं अंगणवाडींत अगर शाळेंत आरोग्यसेविका बसते. आशा कार्यकर्तीनें घरोघर फिरून त्या दिवशीं कोणाची पाळी आहे याची यादी आधींच केलेली असते, आणि त्याप्रमाणें ती आयांस बोलावून आणते. टोचल्यावर चार गोष्टी सांगावयाच्या : कोणती लस दिली, तिनें काय त्रास होऊं शकेल, पुन्हां केव्हां यावयाचें, आणि कार्ड जपून ठेवावें. मग अर्धा तास मुलास तेथेंच बसवून घ्यावयाचें. कार्डाचा अर्धा भाग आईकडे जातो, अर्धा सेविकेकडे राहतो. हे अर्धे तुकडे ठेवण्यासाठीं कप्प्यांची एक कापडी पिशवी करण्याची पद्धत आहे : बारा महिन्यांचे बारा कप्पे, लसी पूर्ण झालेल्यांचा एक, आणि गांव सोडून अगर जग सोडून गेलेल्यांचा एक. पुढची लस ज्या महिन्यांत, त्या महिन्याच्या कप्प्यांत कार्ड जातें. महिना संपल्यावर जीं कार्डें कप्प्यांत उरतात, तीं न आलेलीं मुलें. आतां ही नोंद संगणकावरही होते. तथापि इतकी सुबोध वर्गवारी आम्हीं आमच्या संग्रहांतही साधलेली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आतां मुख्य प्रश्न : यादीबाहेर कोण राहतें ? याचें उत्तर देवीच्या उच्छेदाच्या इतिहासांत आहे. १९६२ त देशांत देवी निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. शेंकडा ८० लोकांस टोचलें कीं रोग जाईल असा अंदाज होता. टोचण्यांचे आंकडे कोटींनीं वाढले, रोग मात्र गेला नाहीं. कारण असें आढळलें कीं, हातीं सहज लागणारीं शाळेचीं मुलें पुन्हांपुन्हां टोचलीं जात होतीं, आणि तान्हीं मुलें, मजूर, फिरस्ते तसेच राहत होते. आम्ही स्वतः त्या वेळीं शाळेंत होतों. टोचणीवाला आला कीं मागच्या भिंतीवरून उड्या टाकणाऱ्या मुलांत आमचीही गणना होती, आणि तरीही ज्यांच्या दंडावर आधींच व्रण होते असे आम्ही त्यांच्या हातीं पुन्हां सांपडत असूं. १९७३ पासून रीत बदलली. किती टोचले हें मोजण्याऐवजीं रोग कोठें आहे हें घरोघर, बाजारांत, शाळेंत रोग्याचें चित्र दाखवून विचारूं लागले. रोगी सांपडला कीं त्याच्या भोंवतालच्या सर्वांस टोचूं लागले. १९७४ त देशांत देवीच्या १ लाख ८८ हजारांवर रोग्यांची नोंद झाली. आणि २४ मे १९७५ नंतर एकही नवा रोगी आढळला नाहीं. शेंकडेवारीनें जें झांकलें होतें तें गांवोगांवच्या शोधानें उघड केलें.

हा धडा आजच्या योजनेंत उतरला आहे. वीटभट्ट्या, बांधकामाचीं ठिकाणें, भटक्यांचे तळ, ऊसतोडणी करणाऱ्यांच्या कोप्या यांची निराळी यादी करण्याचा नियम आहे. बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबाचें मूल आपल्या गांवच्या यादींत असतें पण गांवांत नसतें. आणि कारखान्याच्या गांवांत असतें पण तेथील यादींत नसतें. दोन्ही वह्या आपापल्या परीनें खऱ्या, आणि मूल मात्र दोहोंच्या मध्यें. पोलिओच्या मोहिमेंत याच कारणानें मुलाच्या डाव्या करंगळीस शाई लावीत आणि घराच्या भिंतीवर खुणा करीत : सर्व मुलांस डोस मिळाला तर ‘पी’, एखादें राहिलें तर ‘एक्स’. एक्सच्या घरीं पुन्हां जावयाचें. १३ जानेवारी २०११ नंतर देशांत मूळ पोलिओ विषाणूचा रोगी आढळला नाहीं, आणि २०१४ च्या मार्चमध्यें तसें प्रमाणपत्र मिळालें.

शेवटीं विश्वासाविषयीं. येथें आम्हां हस्तलिखितप्रेमी लोकांस खालीं मान घालावी लागेल अशी एक हकीकत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, लोकांनीं गाईच्या देवीची लस घ्यावी म्हणून, ती आपल्याच प्राचीन शास्त्रांत सांगितली आहे असें दाखविण्याचा प्रयत्न झाला. मद्रासेचा संस्कृतज्ञ अधिकारी एलिस यानें या विषयावर संस्कृत श्लोक रचून ते जुन्या कागदावर उतरविले व सांपडले म्हणून पुढें केले, असें त्या काळच्या लेखांत नमूद आहे. धन्वंतरीच्या नांवावर घातलेला असा एक उतारा पुढें पुष्कळ वर्षें प्रमाण म्हणून फिरत राहिला. हेतु चांगला होता. पण बनावट तें बनावट. आणि अशा आधारावर उभारलेला विश्वास उघडकीच्या दिवशीं दुप्पट वेगानें कोसळतो.

याउलट खऱ्या नोंदीचें सामर्थ्य पाहा. हाफकिन यानें मुंबईंत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें १९०२ त पंजाबांतील मलकोवाल येथें लस घेतलेल्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं आणि ठपका हाफकिनवर आला. परंतु ते सर्व जण एकाच, ‘५३ एन’ या क्रमांकाच्या, बाटलींतून टोचलेले होते, आणि ती बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करितां वापरला होता, हें नोंदींवरून व साक्षींवरून पुढें आलें. १९०७ त हाफकिन दोषमुक्त झाला. बाटलीचा क्रमांक कोणीं टिपलाच नसता, तर सर्वच लस विषारी ठरली असती. आज प्रत्येक कुपीचा क्रमांक नोंदवितात आणि टोचणीनंतर कांहीं विपरीत घडल्यास त्याची चौकशी करितात; तें याचसाठीं.

देवीची टोचणी आतां बंद झाली आहे. ज्यांच्या दंडावर तिचा व्रण आहे अशी आमची पिढी शेवटची. १९७० च्या सुमारास तपासणीदार गांवांत येऊन वही बाजूस ठेवीत आणि दंडावरचे व्रण मोजीत. वहींतील आंकडा आणि दंडावरील लेख जुळतात का तें पाहत. ताम्रपट आणि दप्तर यांचा मेळ घालणाऱ्यांस ही पद्धत ओळखीची वाटेल. हे लेख आमच्याबरोबरच नाहींसे होणार. मग केवळ वह्या राहतील, जर राहिल्या तर.

म्हणून वाचकांस विनंती. शाळेच्या माळ्यावर, चावडींत, जुन्या दवाखान्यांत अशा वह्या आढळल्यास त्या ‘किरकोळ’ म्हणून टाकूं नयेत. सन, गांव, रकान्यांची नांवें आणि शेरे टिपून घ्यावे. अलीकडच्या वह्यांतील माणसें अगर त्यांचीं मुलें हयात असतील, तेव्हां नांवें मात्र छापूं नयेत. कोणत्या गांवीं किती मुलें होतीं, कोणतीं घरें स्थलांतर करीत, सांथ केव्हां आली, हें या वह्यांइतकें दुसरा कोणताही कागद सांगत नाहीं.

आमच्याजवळ उरलेल्या वहींत दोन वर्षांच्या एका मुलीचें नांव आहे. तिच्यापुढें तीन वेळां ‘परगांवीं’ असा शेरा आहे. प्रत्येक वेळीं टोचणीदारानें नांव पुन्हां नव्यानें लिहून घेतलें आहे. चौथ्या वेळीं टोचल्याची तारीख आहे, आणि तिच्यापुढें आठव्या दिवशींचा शेरा : ‘उठल्या’.